ती खोली रोज पुसते कोण? धूम्रपान कक्षांची सवलत ठेवणाऱ्या कायदेकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचा कायदा करणारे सर्व लोकप्रतिनिधी आणि तो राबवणारे सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

मी एका सफाई कामगाराची मुलगी आहे. माझ्या आईने अकरा वर्षे एका मोठ्या प्रवासी प्रतीक्षागृहात साफसफाईचे काम केले आणि त्यातला रोजचा सुमारे दीड तास तिचा त्या इमारतीतल्या काचेच्या धूम्रपान कक्षात जात असे. तिने आयुष्यात कधी सिगारेट ओठाला लावली नाही. आमच्या घरातही कोणी ओढत नाही. बावन्नाव्या वर्षी तिला हृदयविकाराचा झटका आला, दोन स्टेंट बसले आणि तिचे काम सुटले. दोन महिन्यांपूर्वी त्या प्रतीक्षागृहाचे नूतनीकरण झाले. बाकडी बदलली, दिवे बदलले, फरशी बदलली, पण धूम्रपान कक्ष पुन्हा बांधला गेला आणि तोही पूर्वीपेक्षा मोठा. मी व्यवस्थापनाला लेखी विचारणा केली तेव्हा सभ्य भाषेत एका ओळीचे उत्तर आले, की कायद्यात त्याला परवानगी आहे. ते उत्तर खरे आहे. म्हणून हे पत्र मी व्यवस्थापनाला न लिहिता ती परवानगी देणाऱ्या आपणा सर्वांना लिहीत आहे.

आपण कोणत्या देशाच्या सभागृहात बसता, याने माझ्या म्हणण्यात फारसा फरक पडत नाही, कारण हे सवलतीचे कलम जिथे जिथे आहे तिथे ते जवळपास एकाच भाषेत लिहिलेले आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली, २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. तरीही विमानतळ, ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले आणि ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे यांना स्वतंत्र धूम्रपान जागेची मुभा राहिली. त्या जागेला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारे हवे, धूर थेट इमारतीबाहेर सोडला जावा आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असावा, असे नियम सांगतात. मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहेत. भिंती, दार, पंखा, दाब या सगळ्यांचा विचार त्यांत आहे. त्या भिंतींच्या आत झाडू घेऊन जाणाऱ्या माणसाबद्दल मात्र मला त्यांत काही सापडले नाही.

ती खोली आतून कशी असते हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले नसावे, म्हणून सांगते. मी शाळेत असताना सुटीच्या दिवशी आईबरोबर जात असे आणि ती आत काम करताना काचेबाहेर उभी राहत असे. आत आधी अ‍ॅशट्रे रिकामे करायचे. त्यात वाळू असे आणि वाळूत अर्धवट विझलेली थोटके धुमसत असत. ती बोटांनी वेचून पाण्याच्या डब्यात टाकावी लागत, नाहीतर कचऱ्याची पिशवी पेटण्याची भीती. मग काचा. काचेवर फवारा मारला की तो स्वच्छ खाली उतरत नसे, त्याचे तपकिरी ओघळ होत आणि पहिल्या दोन हातांतच पांढरे फडके पिवळे पडे. रात्री पुसलेली काच सकाळी पुन्हा बोटाला चिकट लागे. हे काम खोली रिकामी असताना होत नसे, कारण ती रिकामी कधीच नसे. माणसे आत येत, आईसाठी पाय जरा बाजूला घेत, काहीजण संकोचाने हात मागे धरत आणि ओढत राहत. त्या माणसांवर माझा राग नाही. त्यांना तीच जागा नेमून दिली होती, जशी आईला ती नेमून दिली होती.

झटका आल्यानंतर डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा विचारले, की सिगारेट, तंबाखू काही घेता का. ती म्हणाली, "मी नाही ओढत. ओढणाऱ्यांच्या खोलीत कामाला असते." डॉक्टरांनी ते लिहून घेतले की नाही, मला माहीत नाही. तिला मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. तरीही तिचा झटका त्या खोलीमुळेच आला, असे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण एका माणसाच्या बाबतीत असे सिद्ध करता येत नाही. कोणताही व्यवस्थापक नेमका याच गोष्टीच्या आड उभा राहू शकतो आणि आईसारखा कोणताही कामगार एकटा न्याय मागायला गेला तर तिथेच अडतो. हजारो माणसांच्या बाबतीत मात्र हिशेब मांडता येतो आणि तो मांडून झालेला आहे.

जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती सिगारेट ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. त्यावर वर्षानुवर्षे शंका घेतल्या गेल्या. पण पुढे पुरावा साचत गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दुसऱ्याच्या धूम्रपानाचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवला. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, यांच्या २००६ च्या अहवालाने सांगितले, की घरी किंवा कामाच्या जागी अशा धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो आणि या धुराची कोणतीही पातळी निर्धोक नाही. हृदयाच्या बाबतीत तर थोडा धूर म्हणजे थोडाच परिणाम, असा सरळ हिशेब लागत नाही. ओसाका येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न ओढणाऱ्या निरोगी तरुणांना केवळ अर्धा तास धुरात बसवले, तेव्हा गरजेच्या वेळी हृदयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह वाढण्याची त्यांची क्षमता रोज ओढणाऱ्यांच्या पातळीपर्यंत खाली आली. आई दीड तास आत असे, आठवड्यातून सहा दिवस.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी, की आपला कायदा सार्वजनिक जागेकडे ग्राहकाच्या आणि प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहतो. प्रवाशाला धूर नको असेल तर तो त्या दाराकडे फिरकणार नाही, असे धरून आपण खोलीला परवानगी दिली. हा पर्याय प्रवाशाला आहे. आईला नव्हता. "मी त्या खोलीत जाणार नाही," असे तिने म्हटले असते तर कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणली असती, आणि त्याने ते एकदा स्वच्छ शब्दांत तिला सांगितलेही होते. एकाची सार्वजनिक जागा हे दुसऱ्याचे कामाचे ठिकाण असते. धूम्रपान कक्ष तर बहुतेकांसाठी दहा मिनिटांचा थांबा असतो, पण एखाद्यासाठी तो रोजच्या पाळीचा भाग असतो.

हा भेद कायदे करणाऱ्यांना कळत नाही असे मला वाटत नाही. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून पूर्णपणे लागू झालेल्या सुधारित कायद्याने ठरावीक ठिकाणी धूम्रपान कक्ष राहू दिले, पण २० वर्षांखालील व्यक्तीला, ती तिथली कर्मचारी असली तरी, त्या कक्षात नेण्यास मनाई केली. म्हणजे ती खोली तिथे काम करणाऱ्याच्या शरीराला अपाय करते, हे कायद्यानेच मान्य केले. मग एकविसाव्या वर्षी माणसाच्या हृदयात आणि फुप्फुसात असे काय बदलते, की तोच अपाय चालवून घ्यावा?

दुसरी तक्रार पंख्याची. हवा खेळती ठेवली, धूर बाहेर ओढून घेतला की प्रश्न सुटला, ही समजूत सवलतीच्या कलमाच्या मुळाशी आहे. वातानुकूलन आणि वायुवीजन हाच ज्यांचा व्यवसाय त्या अमेरिकी अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संघटनेने २००५ मध्येच भूमिका जाहीर केली, की बंदिस्त जागेतला या धुराचा आरोग्याला असलेला धोका खऱ्या अर्थाने दूर करण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे तिथे धूम्रपान न होऊ देणे. यंत्रे बनवणारी, बसवणारी, त्यावर पोट असलेली माणसे आपले यंत्र या कामाला पुरे पडत नाही असे सांगतात, तेव्हा ते ऐकायला हवे होते.

मी स्वतः एक साधी गोष्ट करून पाहिली. त्या कक्षाच्या दाराच्या फटीशी कागदी रुमालाची एक पातळ पट्टी धरली. दार बंद असताना ती आतल्या बाजूला झुकली. पंखा चालू होता, दाब नियमाप्रमाणे होता. मग एक माणूस दार ढकलून बाहेर आला आणि पट्टी उलटून प्रतीक्षागृहाच्या दिशेने फडफडली. दाराबरोबर हवा बाहेर आली, माणसाच्या कपड्यांत आणि त्याच्या पुढच्या चार-सहा श्वासांत धूर बाहेर आला. पंधरा मिनिटांत ते दार एकवीस वेळा उघडले. दारासमोरच्या बाकड्यावर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

आणि हे झाले बाहेरचे. आतल्या हवेबद्दल तर नियमांनी कोणाला काही वचनच दिलेले नाही. शिवाय धूर हवेतून गेला तरी संपत नाही. निकोटिन भिंतींवर, काचांवर, कपड्यांवर बसते, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन त्या पृष्ठभागांवरच कर्करोगकारक नायट्रोसामाइने तयार होऊ शकतात. ते फडके आई हातमोजे न घालता पिळत असे. हातमोजे द्यायला हवेत, हे कोणाला सुचले नव्हते आणि मागायला हवेत, हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

तिसरी तक्रार अर्ध्या उपायांची. अर्धी बंदी आधी करून बघू, लोक तयार झाले की पुढचे पाऊल टाकू, असे आपल्याकडून नेहमी ऐकू येते. ते पाऊल टाकून पाहिलेले देश आहेत. स्पेनने २००६ मध्ये कार्यालयांत धूम्रपान बंद केले, पण लहान बार आणि उपाहारगृहांना निवड मालकावर सोडली. अनेक लहान ठिकाणी धूर तसाच राहिला आणि २ जानेवारी २०११ पासून स्पेनला दुसरा कायदा आणून ती सवलत काढून घ्यावी लागली. मधल्या पाच वर्षांत त्या बारमध्ये जे वाढपी काम करत होते, त्यांची ती पाच वर्षे कोणी परत दिली नाहीत. विमानांतही एके काळी पुढच्या रांगा धूररहित आणि मागच्या रांगा ओढणाऱ्यांच्या असत, जणू धूर रांगेचा क्रमांक वाचतो. शेवटी पूर्ण बंदीच करावी लागली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ च्या ठरावात त्यासाठी १ जुलै १९९६ ही मुदत सुचवली होती. आज विमानात धूम्रपान कक्ष हवा, असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

ज्यांनी सरळ पूर्ण बंदी केली, त्यांचा अनुभव समोर आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी बार आणि उपाहारगृहांसह कामाच्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केले. स्कॉटलंडने २६ मार्च २००६ रोजी तेच केले आणि तिथल्या नऊ रुग्णालयांत बंदीच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा महिने तपासण्यात आले. हृदयाच्या तीव्र झटक्यांसाठी दाखल होणारे रुग्ण १७ टक्क्यांनी घटले. त्याच काळात इंग्लंडमध्ये, जिथे बंदी अजून आली नव्हती, घट ४ टक्के होती. या आकड्यातला जो भाग मला विसरता येत नाही तो पुढचा आहे: ज्यांचे रुग्णालयात दाखल होणे टळले, त्यांतली दोन तृतीयांश माणसे धूम्रपान न करणारी होती. ती माझ्या आईसारखी माणसे. त्यांना आपण वाचलो हे ठाऊकही नसेल.

कामगारांच्या बाबतीतला फरक तर काही आठवड्यांत दिसतो. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बार धूररहित झाले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांना बंदीच्या आधी आणि नंतर तपासले गेले. आधी ३९ जणांना खोकला, घरघर किंवा दम लागण्यासारखा श्वसनाचा त्रास होता. बंदीनंतरच्या तपासणीत त्यांतल्या २३ जणांचा त्रास गेला होता.

आपल्याकडे येणारे आक्षेप मला माहीत आहेत. धंदा बुडेल, या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या विषयावरचा सगळा पुरावा तपासून बंदीमुळे उपाहारगृहांचा आणि बारचा व्यवसाय घटत नाही, असा निष्कर्ष काढलेला आहे. बाहेर बंदी केली तर माणसे घरात मुलांसमोर जास्त ओढतील, ही भीती मला अधिक प्रामाणिक वाटते, पण त्याच तपासणीत तीही खरी ठरली नाही.

राहिला स्वातंत्र्याचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे सरकारने सांगू नये, हे मला पटते. सिगारेट हे व्यसन आहे, ते सुटता सुटत नाही, आणि ओढणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवणे मला मान्य नाही. माझा मामा चाळीस वर्षे ओढत होता आणि त्याच्याइतका प्रेमळ माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. तो आमच्या घरी आला की न सांगता बाहेर अंगणात जाऊन ओढायचा. एवढेच मी मागते आहे. बंदिस्त खोलीतल्या धुरात मात्र निवड एकाची असते आणि तोच श्वास दुसऱ्यालाही घ्यावा लागतो. तिथे स्वातंत्र्याचा हवाला फक्त पहिल्यासाठी देणे न्याय्य नाही.

हे सगळे आपल्याला नवीन आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २००३ मध्ये स्वीकारला गेला आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. जगातल्या बहुसंख्य देशांनी तो मान्य केला आहे. त्याच्या आठव्या कलमात कामाच्या बंदिस्त जागा, सार्वजनिक वाहतूक आणि बंदिस्त सार्वजनिक जागा यांतल्या माणसांना धुरापासून संरक्षण देण्याचे बंधन आहे. ते कसे पाळायचे याची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये एकमताने ठरली आणि त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की वायुवीजन, हवा गाळणे किंवा स्वतंत्र धूम्रपान कक्ष यांनी संरक्षण होत नाही. आपल्या सरकारांच्या प्रतिनिधींनी हे मान्य केले आणि घरी परतल्यावर कक्षाचे कलम तसेच ठेवले. माझी चौथी तक्रार हीच आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बंदिस्त सार्वजनिक जागा, कामाची ठिकाणे आणि सार्वजनिक वाहने यांतली धूम्रपान कक्षाची सवलत कायद्यातून पूर्णपणे काढून टाका. खोल्यांची संख्या, आसनांची संख्या, इमारतीचा प्रकार असा कोणताही अपवाद ठेवू नका. आज असलेले कक्ष बंद करण्यासाठी एकच तारीख ठरवा आणि ती सहा महिन्यांपलीकडची नसावी. तोपर्यंत कोणत्याही कामगाराला लोक ओढत असताना आत पाठवू नये. खोली बंद करून, पंखा पुरेसा वेळ चालवून, हातमोजे देऊन मगच सफाई व्हावी, आणि आत जाण्यास नकार देणाऱ्याची मजुरी किंवा काम जाऊ नये. हे नियम कंत्राटी कामगारांना नाव घेऊन लागू करा, कारण "कर्मचारी" एवढाच शब्द लिहिला की माझ्या आईसारखी माणसे त्यातून वगळली जातात. ज्यांनी अशा कक्षांत वर्षानुवर्षे काम केले त्यांच्या हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी.

ओढणाऱ्यांसाठी जागा उघड्यावर असावी आणि ती प्रवेशद्वार, खिडक्या आणि वातानुकूलनाची हवा आत घेणारी तोंडे यांपासून दूर असावी. नाहीतर खोलीतला धूर दारात आणून ठेवल्यासारखे होईल. बंदी मोडली गेली तर ओढणाऱ्याला दंड करून थांबू नका, जागा चालवणाऱ्याला जबाबदार धरा. आणि ज्यांना सिगारेट सोडायची आहे त्यांना औषध, समुपदेशन मोफत मिळावे, ही मागणी मी इतर मागण्यांइतक्याच मनापासून करते आहे. मामाला ते कधी मिळाले नाही.

आई आता घरी असते. जिना चढताना मध्ये एकदा थांबते. तिच्या जागी आलेली मुलगी तेवीस वर्षांची आहे. मी तिला भेटले. मी कोण हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा आईची तब्येत विचारली आणि मग विचारले, "ताई, तो चिकटपणा कशाने निघतो? मी दोनदा पुसते तरी राहतो." आई साबणाच्या कोमट पाण्याने आधी एक हात मारत असे, ते मी तिला सांगितले. आणखी काय सांगावे, ते मला सुचले नाही. तिचा करार एक वर्षाचा आहे आणि त्यातले चार महिने गेले आहेत. ती खोली ठेवायची असेल तर ती रोज कोणी पुसायची, या एका प्रश्नाचे उत्तर आपण तिचा करार संपण्यापूर्वी लेखी द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एका सफाई कामगाराची मुलगी